फोटो ५० केबीत बसवायचा कसा? क्वालिटी शून्यावर आणली तरी बसेना!

अर्जदार_अखंड
मंडळी, एका ऑनलाइन अर्जात अडकलोय. फोटो हवा २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, दोन्ही जेपीजीच. शिवाय प्रमाणपत्रांची एकत्र पीडीएफ, २ एमबीच्या आत. फोन फोटो काढतो ४००० बाय ३००० चा, साडेचार एमबीचा.

संगणकावर एका एडिटरमध्ये फोटो उघडला आणि सेव्ह करताना क्वालिटीची पट्टी मागे ओढत गेलो. फाइल आधी भराभर उतरली, मग रेंगाळली. शेवटी पट्टी पार टोकाला नेली. चेहऱ्याच्या जागी नुसत्या चौकोनी फरश्या दिसतात आणि फाइल तरीही दोनशे केबीच्या वर! चित्राची पार वाट लागली तरी आकडा का उतरत नाही, हे कोणी सांगेल का?

फोटो लहान करून देणाऱ्या साइटी ढिगाने आहेत, पण ओळखपत्राचा स्कॅन कुठल्या तरी अनोळखी साइटवर चढवायला मन धजत नाही. आणि माझं स्पष्ट मत : आजच्या काळात ५० केबीची अट म्हणजे निव्वळ छळ आहे.

उपद्व्यापी_७
पहिला!
लांब उभं राहून फोटो काढा. माणूस लहान, फाइल लहान. (ह. घ्या.)

फुकटचा_सल्लागार
झिप करा की राव. सोपं आहे.

चष्मिष्ट
@सल्लागार, जेपीजी आतून आधीच दाबलेली असते. झिप करून एखाद-दुसरा टक्का सुटला तर सुटला. आणि अर्ज जेपीजी मागतोय, त्याला झिप दिली तर तो दारातच हाकलेल.

ठिपका
धागाकर्ते, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे : ४००० बाय ३०००. क्वालिटीच्या पट्टीला हात लावू नका, आधी पिक्सेल कमी करा.

फाइल दोनशेच्या खाली का गेली नाही त्याचा हिशोब मांडतो, कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा. जेपीईजी (म्हणजेच जेपीजी) पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडते, उजेडाचे वेगळे आणि रंगाचे वेगळे. (तुम्हाला दिसलेल्या फरश्या त्याच.) प्रत्येक ठोकळा म्हणजे एक सरासरी छटा आणि तिच्यावर रचलेले तपशिलाचे ६३ आकडे. क्वालिटी कमी करणं म्हणजे हे तपशिलाचे आकडे ढोबळ करत करत शून्यावर आणणं. पण सगळे शून्य झाले तरी प्रत्येक ठोकळ्यासाठी 'छटा आधीच्याइतकीच, पुढे काही नाही' एवढं तरी लिहावंच लागतं. प्रमाण हफमन कोष्टक (कुठला आकडा किती बिटांत लिहायचा त्याची यादी) वापरलं तर उजेडाच्या ठोकळ्याला त्यासाठी ६ बिट लागतात, रंगाच्या ठोकळ्याला ४.

रंग बहुतेक वेळा निम्म्या रुंदी-उंचीत साठवतात. त्यामुळे १६ बाय १६ च्या एका तुकड्यात उजेडाचे ४ आणि रंगाचे २ ठोकळे येतात. २४ अधिक ८, झाले ३२ बिट, म्हणजे ४ बाइट. तुमच्या फोटोत असे तुकडे २५० गुणिले १८८, म्हणजे ४७,०००. त्याचे झाले १,८८,००० बाइट, साधारण १८४ केबी. म्हणजे ४००० बाय ३००० चं कोरं पांढरं पान सेव्ह केलंत तरी एवढे लागणारच. कोष्टक त्या चित्रापुरतं वेगळं बनवून घेतलं तर ७० च्या आसपास उतरेल. साध्या बेसलाइन जेपीईजीत ५० तरीही नाहीच.

आता उलटं बघा. फोटो ४०० बाय ४६० केला तर पिक्सेल झाले १,८४,०००. ५० केबीत दर पिक्सेलमागे सव्वादोन बिट मिळतात. छायाचित्राला एक-दोन बिट मिळाले तर ते छानच दिसतं. म्हणजे क्वालिटी ८५-९० ठेवूनही बसेल, फरश्या दिसायचा प्रश्नच नाही.

अर्जदार_अखंड
ठिपकाराव, दंडवत! कोरं पान बनवून सेव्ह केलं, खरंच १८४ च्या आसपास आलं. शेजारी बसलेला भाचा विचारतोय, मामा पांढरा फोटो कुणाला पाठवतोस?

मी_आपली_वाचते
वाचनखूण साठवली. बिट-बाइट डोक्यावरून गेलं, पण 'आधी पिक्सेल' एवढं कळलं.

उंटावरचा_शहाणा
असहमत. पिक्सेल कमी केले की छापताना फोटो फुटतो. खरा उपाय डीपीआय. ३०० चं ७२ करा, फाइल तिथल्या तिथे कमी होते. मी कायम तेच करतो.

काळोखी_खोली
उंटावरून खाली या :)
डीपीआय हा फाइलमध्ये लिहिलेला निव्वळ एक आकडा आहे. 'छापशील तेव्हा एका इंचात इतके पिक्सेल बसव' एवढाच त्याचा निरोप. तो ३०० चा ७२ केला तरी पिक्सेल तेवढेच राहतात आणि फाइलही तेवढीच. तुमची कमी होते, कारण त्या खिडकीत 'रीसँपल'च्या चौकटीत खूण असते आणि प्रोग्राम डीपीआयबरोबर गुपचूप पिक्सेलही घटवतो. म्हणजे तुम्हीही ठिपका म्हणतात तेच करताय, फक्त किती पिक्सेल उरले ते न बघता.

छपाईचं म्हणाल तर ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० डीपीआयने छापायला ४१३ बाय ५३१ पिक्सेल पुरतात. तो ५० केबीत आरामात बसतो. फुटायचं काही कारण नाही.

उंटावरचा_शहाणा
मग स्कॅनरवर डीपीआय कमी केलं की फाइल कशी कमी होते? तिथेपण गुपचूप का?

काळोखी_खोली
नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. स्कॅनरला डीपीआय सांगणं म्हणजे 'इंचाला इतके पिक्सेल *बनव*' असं सांगणं. ए४ कागद ३०० ला २४८० बाय ३५०८ होतो, १५० ला बरोबर त्याच्या चौथाई. फाइल बनताना डीपीआय म्हणजे हुकूम, बनल्यावर नुसती चिठ्ठी.

हात धुऊन घेतो तोवर फोटोग्राफरच्या नजरेतून थोडं. एकाच मापाचे, एकाच क्वालिटीचे दोन फोटो एक ३० केबी आणि दुसरा ६० केबी होऊ शकतो. फरक पडतो तपशिलाने. मागे फुलाफुलांचा पडदा, झाडाची पानं, जाळी असलं काही असेल तर सगळे बाइट तेच खातं आणि चेहरा उपाशी राहतो. सर्वात वाईट म्हणजे अंधारात काढलेला फोटो. त्यात जे रवाळ दाणे येतात ते डोळ्याला जेमतेम दिसतात, पण जेपीईजीच्या लेखी तो अस्सल तपशील. म्हणून खिडकीच्या उजेडात, सपाट भिंतीपुढे फोटो काढा. मग आधी कापा (डोकं-खांदे ठेवून बाकी सगळं उडवा), मग लहान करा, क्वालिटी सर्वात शेवटी. शार्पनचा मोह आवरा, कडा टोकदार झाल्या की फाइल फुगते. आणि दर वेळी मूळ फोटोपासून सुरुवात करा. जेपीजी उघडून पुन्हा जेपीजी, त्याची पुन्हा जेपीजी, असं केलं की दर फेरीत थोडं काहीतरी गळतं आणि ते परत येत नाही.

उपद्व्यापी_७
'चेहरा उपाशी राहतो.' माझा अर्जातला फोटो बघून हेच म्हणतात सगळे.

निळी_शाई
सहीवर कोणी बोलेना म्हणून मी बोलते, अर्ज भरून द्यायचं काम रोजचंच आहे माझं.

सहीच्या फाइलमध्ये बाइट सही खात नाही, कागद खातो. फोनने काढलेल्या फोटोत पांढरा कागद कधीच पांढरा नसतो : करडी सावली, कागदाचे तंतू, मागच्या पानाची छपाई. काळ्या जेल पेनाने जरा ठसठशीत सही करा, सहीच्या कडेने घट्ट कापा, ग्रेस्केल करा (रंग काढून नुसत्या करड्या छटा ठेवा) आणि एडिटरच्या लेव्हल्समध्ये, म्हणजे उजेड-अंधाराच्या पट्टीवर, पांढरं टोक आत ओढा, कागद खरोखर पांढरा होईपर्यंत. फाइल धाडकन उतरते आणि सहीही स्पष्ट दिसते.

गंमत पुढे आहे. इतकी स्वच्छ सही बऱ्याचदा ४-५ केबीचीच होते आणि अर्ज म्हणतो किमान १० हवी! मापाची सक्ती नसेल तर पिक्सेल वाढवून सेव्ह करा, पण मूळ मोठ्या फोटोवरून. लहान केलेली सही ताणून मोठी करू नका. माप ठरलेलं असेल तर क्वालिटी १०० करा आणि रंगाचं सबसँपलिंग (रंग निम्म्या मापात साठवणं) बंद करा, त्यासाठी सही ग्रेस्केल न करता रंगीत ठेवा. तरी कमीच पडली तर सरळ कागद पांढरा करू नका. तंतू आणि सावल्या राहू द्या, वजन आपोआप भरतं.

चष्मिष्ट
हाहा, म्हणजे अट पूर्ण करायला कचरा परत आणायचा! किमान केबीची अट ज्याने काढली त्याला भेटायचंय मला.

तिरपी_मान
माझा आयडी बघून कळेलच. फोटो फोनमध्ये सरळ, संगणकावर सरळ, लहान करून चढवला की आडवा पडतो. मान तिरपी करून अर्ज तपासणारा वैतागत असेल. हे का होतं?

चष्मिष्ट
@तिरपी_मान, फोन बहुतेक वेळा फोटो आडवाच साठवतो आणि सोबतच्या एक्सिफ माहितीत 'दाखवताना वळव' अशी नोंद ठेवतो. फाइल कमी करणारी पुष्कळ साधनं एक्सिफ काढून टाकतात. नोंद गेली, फोटो आडवा. उपाय : लहान करण्याआधी एडिटरमध्ये फोटो खरोखर वळवून सेव्ह करा. प्रोग्रामने नोंद वाचून आपोआप वळवला असेल तर तेही चालतं.

पण एक्सिफ काढणं चांगलंच. त्यात कॅमेऱ्याचं मॉडेल, वेळ, लोकेशन चालू असेल तर काढल्या जागेचे अक्षांश-रेखांश, वर एक चिमुकला नमुना-फोटोसुद्धा असतो. जेपीईजीत एक्सिफचा कप्पा ६४ केबीपर्यंत जाऊ शकतो. साडेचार एमबीत ते कुणाच्या खिजगणतीत नाही, पण मर्यादा २० केबी असेल तेव्हा चित्र १५ चं आणि बाड ८ चं, असला प्रकार होतो. क्वालिटी कमी करून करून थकाल, चूक चित्रात नसतेच.

मी_आपली_वाचते
एक बाळबोध प्रश्न. माझ्याकडे संगणक नाही. फोनवर काय करू? मैत्रीण म्हणते स्क्रीनशॉट काढ, लहान होतो. आणि माझ्या फोटोच्या नावापुढे एचईआयसी येतं, ते बदलून जेपीजी केलं तरी अर्ज 'चुकीचा प्रकार' म्हणतो.

ठिपका
ताई, बाळबोध कसला, निम्मे लोक इथेच अडकतात. शेपटाचं नाव बदलून आतली फाइल बदलत नाही. जेपीईजी फाइलचे पहिले दोन बाइट ठरलेले असतात (एफएफ डी८), पलीकडचा सर्व्हर तेच बघतो. आयफोनमध्ये २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो एचईआयसी प्रकारात साठवायची सोय आली. जागा निम्मी लागते, पण अर्जांना तो प्रकार ओळखीचा नसतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्स खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, पुढचे फोटो जेपीजी येतील. आधीचे मात्र रूपांतर करूनच घ्यावे लागतील.

स्क्रीनशॉट नको. तो बऱ्याच फोनवर पीएनजी होतो. पीएनजी एकही पिक्सेल बदलू देत नाही, त्यामुळे अक्षरं-आकृत्यांना उत्तम, पण चेहऱ्याच्या फोटोला कैकपट मोठा. त्यापेक्षा फोनच्या गॅलरीतच आधी कापा, मग 'रीसाइझ'चा पर्याय असेल तर तो वापरा.

फुकटचा_सल्लागार
किंवा मेसेजिंग अ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा आणि परत उतरवून घ्या. ते आपोआप लहान करतं. एक्सिफही जातं. झिपसारखा हा सल्ला फेकू नका, खरंच चालतो.

चष्मिष्ट
हा चालतो, मान्य. फक्त 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवू नका, तसा मूळ फोटोच जातो. आणि किती लहान होईल ते आपल्या हातात नाही, ५० केबीला नेम धरून मारता येत नाही.

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल : साइटीची भीती रास्त आहे, पण सगळ्या सारख्या नाहीत. स्क्वूश नावाचं साधन गूगल क्रोमच्या लोकांनी २०१८ मध्ये आणलं, त्यात सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये होतं, फोटो बाहेर जात नाही. पडताळा घ्यायची युक्ती सोपी : पान उघडा, इंटरनेट बंद करा, मग फोटो टाका. तरी काम झालं तर फोटो तुमच्याकडेच आहे. जे साधन इंटरनेट बंद केल्यावर मान टाकतं त्यात ओळखपत्र टाकू नका. संगणकावर काहीच साइट नको असेल तर गिंप या फोटो-एडिटरमध्ये एक्स्पोर्ट करताना 'शो प्रिव्ह्यू'ला खूण करा, पट्टी हलवाल तसा फाइलचा आकडा तिथेच दिसतो. मॅकवरच्या प्रिव्ह्यूतही एक्स्पोर्टच्या खिडकीत दिसतो. काळ्या खिडकीत टंकणाऱ्यांसाठी जेपीईजीऑप्टिम आहे, त्याला थेट 'इतक्या केबीत बसव' असं सांगता येतं.

दप्तरबंद
किती दिवस गप्प वाचत होतो. मी असली पोर्टलं बनवणाऱ्यांपैकी एक. शिव्या घालण्याआधी हिशोब ऐका. दहा लाख अर्ज, प्रत्येकी ५० केबीचा फोटो, झाले ५० जीबी. तेच साडेचार एमबीचे घेतले तर साडेचार टीबी. त्यात निम्मे अर्ज शेवटच्या दिवशी येतात. प्रवेशपत्रावर फोटो छापायचा तो बोटभर. मग मोठा घेऊन करू काय?

अर्जदार_अखंड
हिशोब पटला. पण मग लहान करायचं काम तुमच्या सर्व्हरने का नाही करायचं? आम्ही मोठा देतो, तुम्ही कापून घ्या.

काळोखी_खोली
+१. सर्व्हरही कशाला? ब्राउझरच चढवण्याआधी फोटो लहान करू शकतो ना? आत्ताच स्क्वूशचं ऐकलं.

दप्तरबंद
करू शकतो. ब्राउझरमधल्या कॅनव्हासवर (चित्र रंगवायच्या जागेवर) फोटो लहान रंगवून त्याची जेपीजी काढायची, थोड्या ओळींचं काम आहे. कापायची चौकटही दाखवता येते. मी सुचवतो तेव्हा उत्तर मिळतं, 'नियमावलीत केबी लिहिलंय, केबीच तपासा.' किमान केबीमागचा विचार असा की कोणी टिकलीएवढा धूसर फोटो देऊ नये. हेतू बरा, मोजमाप चुकीचं. तपासायला हवेत पिक्सेल, तपासतात बाइट. निळी_शाई म्हणतात तशी स्वच्छ सही नापास होते आणि कळकट सही पास. आमच्यात यावर एकमत आहे, फक्त ते कागदावर उतरत नाही.

जाता जाता : ५० केबी म्हणजे कोणी ५०,००० बाइट धरतं, कोणी ५१,२००. विंडोज १०२४ ने भागतं, मॅक २००९ पासून १००० ने. त्यामुळे 'माझ्याकडे ५० च दाखवतंय' हे भांडण कधी मिटत नाही. ४५ वर थांबा, सुखी व्हा. आणि विंडोजच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइझ' बघा, 'साइझ ऑन डिस्क' नको. ती सहसा ४ केबीच्या पटीत वर ढकललेली असते.

जुनीजाणती
पीडीएफचं राहिलंच की. सगळ्यात मोठी चूक म्हणजे संगणकावर बनलेली पीडीएफ छापायची, मग ती स्कॅन करायची. अक्षरं होती तिची छायाचित्रं होतात आणि शंभर केबीची फाइल पाच एमबीवर जाते. मूळ पीडीएफ असेल तर तीच जोडावी. कागदच असेल तर १५० ते २०० डीपीआय आणि ग्रेस्केल पुष्कळ. शुद्ध काळा-पांढरा अजून लहान, पण शिक्के आणि फिकट सह्या गायब होतात, तेव्हा बघूनच.

चष्मिष्ट
जुनीजाणती, काळ्या-पांढऱ्यावरून आठवलं. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर यंत्रांवर स्कॅन केलेल्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळं चक्क बदलत होती. ६ चा ८ होत होता. कारण फाइल लहान करायची जेबीआयजी२ पद्धत : सारखे दिसणारे आकार एकदाच साठवायचे आणि बाकी ठिकाणी तोच छाप मारायचा. बारीक अक्षरात तिला ६ आणि ८ सारखेच वाटले. धूसर दिसलं असतं तर कोणी शंका घेतली असती, हे ठळक आणि स्वच्छ चुकीचं दिसत होतं. कंपनीने पुढे सुधारणा दिली. तेव्हापासून गुणपत्रिका दाबून लहान केली की मी प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून बघतो.

उपद्व्यापी_७
६ चा ८ होत असेल तर माझी गुणपत्रिका त्याच यंत्रावर स्कॅन करा. मर्यादेत नाही बसली तरी चालेल.

अर्जदार_अखंड
अपडेट : मूळ फोटो कापला, ४१३ बाय ५३१ केला, क्वालिटी ९०, एक्सिफ काढलं. ४१ केबी. डोळ्यांच्या पापण्यासुद्धा दिसतायत. सही निळी_शाईंच्या पद्धतीने केली, आली ६ केबी! मग कागद जरा करडा राहू दिला, ११ केबी, पास. पीडीएफ ग्रेस्केल १५० ला दीड एमबी, आकडे ताडून बघितले. छळाबद्दलचं मत कायम आहे, फक्त आता तो दप्तरबंद यांच्या साहेबांवर ढकलतो.

नवखा_पाहुणा
धागा उशिरा वाचला. माझी सही पीएनजीत आहे, मागचा भाग पारदर्शक. जेपीजी केली की सगळं काळं होतं, सही दिसतच नाही. फोन खराब आहे का?

निळी_शाई
फोन ठीक आहे. जेपीजीत पारदर्शकपणा साठवता येत नाही, तिथे काहीतरी रंग भरावाच लागतो आणि काही प्रोग्राम काळा भरतात. आधी खाली पांढरा थर टाका, दोन्ही थर एक करा, मग सेव्ह करा. आणि १० केबी भरतात का ते बघा!